मार्थाचा डावा दांडा

शनिवारी सकाळी व्हर्नाने नेहमीप्रमाणे पुतळ्यांचे कान पुसले. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या कॉब्स लँडिंग गावच्या जुन्या अग्निशमन ठाण्यात आता छोटं संग्रहालय होतं, ते ती सांभाळायची. त्यात डावा-उजवा दांडा आळीपाळीने दाबून हाताने उपसायचा एक आगीचा बंब, नाव मार्था, आणि जुन्या जवानांचे कोट घातलेले पाच पुतळे. पुतळे एका बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानातून आलेले. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या कॅप्टनच्या नखांना लाल नेलपॉलिश होतं. प्रेक्षक त्याबद्दल विचारत नसत. मुळात प्रेक्षकच नसत.

आज बंबांची शर्यत होती. ज्याची धार लांब जाईल तो जिंकला. मार्था यंदाही हरली तर ती शेजारच्या ड्रेसर्स मिल्स गावातल्या मोठ्या संग्रहालयाला देऊन टाकायची, असं गावसभेत ठरलं होतं. म्हणजे व्हर्नाकडे पाच पुतळे आणि एक स्वच्छतागृह उरणार.

मैदानात मार्थाच्या उजव्या दांड्याला कशीबशी माणसं जमली. डावा रिकामा; बाकीचं गाव दुखरी पाठ धरून खुर्च्यांवर बसलं होतं. व्हर्नाने पुतळे आणले आणि सुतळीने डाव्या दांड्याला बांधून टाकले.

"काय गं, सेल लागलाय का?" ड्रेसर्स मिल्सचा कप्तान ड्वेन खिदळला.

"तुझ्या माणसांपेक्षा पोटं तरी सपाट आहेत यांची."

पंचांनी डोकं खाजवलं. पुतळ्यांना नियमात बंदी नव्हती.

"यांच्या बाह्या कुणी दुमडल्या?" उजवीकडून म्हाताऱ्या ऑल्टनने विचारलं.

"तूच ना?"

"मी कशाला?"

व्हर्ना जवळ गेली. गेल्याच आठवड्यात धुतलेल्या कोटांना ओल्या राखेचा वास येत होता.

शिटी वाजली. उजवीकडच्यांनी दांडा खाली दाबला. डावा वर गेला, त्याबरोबर पुतळ्यांचे हात. आता तो खाली ओढायला पलीकडे कुणी नव्हतं.

तो खाली आला.

इतक्या जोरात, की ऑल्टनचे पाय जमिनीवरून सुटले.

"अरे, हळू!" तो ओरडला. कुणाला, ते त्यालाही कळलं नाही.

धार मोजणीसाठी अंथरलेल्या कागदावरून पार गेली. ड्वेनच्या गाडीवरून गेली. थेट लॉब्स्टर उकळायच्या चुलीवर पडली आणि चूल विझली. शंभर वर्षांत मार्थाने विझवलेली ही पहिली आग.

"मार्था घरीच राहणार!" पाठ धरून बसलेलं गाव खुर्च्यांवर चढून नाचलं. ड्वेनने टोपी काढली. आतलं पाणी ओतायला.

संध्याकाळी व्हर्नाने दांडा मारणाऱ्यांच्या तळहातांना मलम लावलं, दरवर्षीसारखं. मग पुतळे ठाण्यात जागेवर उभे केले. सुतळ्या सोडाव्या लागल्या नाहीत. त्या केव्हाच तुटल्या होत्या.

तिने एकाचा हात उलटा केला. प्लास्टिकवर फोड आले होते. काही फुटले होते.

व्हर्ना मलमाची डबी घेऊन आली.

"शाब्बास," ती प्रत्येकाला म्हणाली.

सगळ्यात शेवटी कॅप्टन. मलम जरा झोंबणारं होतं.

लाल नखांचा हात हळूच मागे सरकला.