पाळीच्या पोटातली काळी माती

ऋतुजाने ट्रॉलीतली माती तळहातावर घेतली, पाणी शिंपडून तिची वळी केली... आणि वळी पुन्हा तुटली.

“परत न्या.”

शंभुराज ट्रॅक्टरवरून उतरला. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या, डोळे मात्र हसरे. “आजपण वाळू निघाली का, म्याडम?”

ताडकळसजवळचा तो मातीचा तलाव म्हातारा झाला होता. त्याच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, पाणी झिरपायचे. म्हणून पाळीच्या मधोमध चर खोदून त्यात चिकट काळी माती थराथराने दाबायची होती. त्याआधी पाऊस आला, तर उघडी पडलेली पाळ फुटणार आणि खालची वस्ती वाहून जाणार. सेलूहून आलेल्या तरुण इंजिनिअर ऋतुजाचे हे पहिलेच काम.

“तुमच्या रानात एवढी चांगली माती हाय,” ती म्हणाली, “मग ही नाल्यातली कामून आणायलाव?”

तो चाकाकडे बघत राहिला. “चांगली आणली की तुमी नुसतं ‘ओता’ म्हणता. खराब आणली की... जरा जास्त बोलता.”

तिला हसू आले असावे. तिने ओढणी तोंडावर घेतली. मग ढगांकडे बघितले, आणि हसू मावळले.

“खाली वस्तीत म्हाताऱ्या नागुबाईंचं घर हाय. त्यांच्या घरात पाणी शिरलं, तर जन्मात तुमच्याशी बोलायची न्हाई मी.”

शंभुराजने ट्रॅक्टर वळवला.

त्यानंतर तो स्वतःच्या रानातली माती आणू लागला. बाकीचे ट्रॅक्टरवाले दुपारी सावलीला टेकत, हा थांबत नसे. बोलतही नसे. शेवटी तीच पाण्याची बाटली घेऊन ट्रॅक्टरजवळ गेली.

“राग आलाय?”

“न्हाई. भ्या वाटायलंय.”

“पावसाचं?”

“तुमच्या न बोलण्याचं.”

चर भरला, रोलर फिरला, आणि मग पाऊस आला. तलाव काठोकाठ भरल्यावर, उघडीप बघून, दोघे पाळीच्या पायथ्याने चालत निघाले. कुठेही पाणी पाझरत नव्हते.

“आता माती लागायची न्हाई,” तो अडखळला. “मी सेलूला आलो तर... तुमच्या अप्पांना भेटायला?”

“त्यांना सांगितलंय मी.” तिची नजर पायथ्यावरून हलली नाही. “आपल्यातला न्हाई म्हणून लय चिडले. मीपण हटले न्हाई. रविवारी बोलवलंय तुमाला.”

शंभुराज जागीच उभा राहिला.

“चला,” ती म्हणाली, “अजून निम्मी पाळ बघायची राहिलीय.”

आणि चिखलातून वाट काढत, त्याचा हात धरून ती पुढे निघाली.