परब, खोली तेवीस

सामान बांधून झालं होतं, गॅसचं कनेक्शन काढून झालं होतं, देव्हाऱ्यातले देव सकाळीच प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिट कॅम्पातल्या तात्पुरत्या घरी जाऊन बसले होते, आणि मालन परब खाटेवरून उठायला तयार नव्हती.

परळच्या त्या चाळीत आता चार बिऱ्हाडं उरली होती. सोमवारी पाणी तोडणार, मंगळवारी पत्रे ठोकणार, असं बिल्डरचा माणूस दोनदा येऊन सांगून गेला होता. आज शनिवार. चार महिने कमलने आईला गोडीत सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर रडूनही पाहिलं. तीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात रक्ताचे नमुने तपासलेली बाई ती. नावाची चिठ्ठी नसलेली बाटली तिने कधी हातात घेतली नाही, की ज्याला कारण नाही असं बोलणं कधी मनावर घेतलं नाही. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईपुढे तिची मात्रा चालेना.

"मी गेलंय आणि सुची इली तर? तिका घर कसा गावतला?" आई म्हणायची.

सुची म्हणजे सुचित्रा, कमलची धाकटी बहीण. त्रेचाळीस वर्षांपूर्वी घरातून गेली ती गेलीच. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

आज दुपारी आई एकदम म्हणाली, "केक कर गो. केक इलो की निघूया."

कमलच्या हातातली सुतळी तिथंच थांबली. या घरात तो शब्द त्रेचाळीस वर्षं कुणी उच्चारला नव्हता.

"कुठला केक, आई?"

"पुस्तकातलो."

पुस्तक आईच्या उशाखालीच होतं. एकाहत्तर साली मंडळाच्या गणपतीत पाककलेच्या स्पर्धेत मालन परबांचा पहिला नंबर आला, त्याचं ते बक्षीस. तिच्या सगळ्या आयुष्यात तिला मिळालेलं एवढंच एक बक्षीस, म्हणून त्याची बडदास्त मोठी. दर दोन वर्षांनी जुन्या कॅलेंडरच्या पानाचं नवं कव्हर, आत कडुलिंबाचा पाला. पाहुण्यांना ते दाखवायचं, पण हातात द्यायचं नाही. मूळचं नाव कुठल्यातरी कव्हराबरोबर निघून गेलं होतं. घरात त्याला 'पुस्तक' एवढंच म्हणत.

कमलने ते उघडलं आणि वास आला: कडुलिंबाचा, जुन्या कागदाचा, आणि त्याच्याखाली कुठेतरी व्हॅनिलाचा. पान आपोआप तिथंच उघडलं. 'साधा केक.' मैदा तीनदा चाळावा. लोणी व साखर एकाच दिशेने फेसावे. बाजूला आईची पेन्सिल: 'भट्टीत ४५ मिनिटे.' आणि त्याखाली, बारीक अक्षरात, 'कमल चांगली फेसते.'

ते वाचून कमलला भरून आलं. आईने तोंडावर तिचं कौतुक कधी केलं नव्हतं.

ओव्हन तेव्हा चाळीत कुणाकडे असणार? केकचं मिश्रण घरी कालवायचं, डब्यात ओतायचं आणि डबा नाक्यावरच्या बेकरीत न्यायचा. दिवाळीत नानकटाई, एरवी असा एखादा केक. पावांचा घाणा उतरला की भट्टीच्या उरलेल्या धगीवर लोकांच्या घरचे डबे आत सरकायचे. सगळे डबे सारखेच, म्हणून वर चिठ्ठी लावायची. परब, खोली तेवीस. चिठ्ठी हरवली की परबांच्या घरी सावंतांचा केक यायचा, आणि मग महिनाभर दोन्ही घरांत कुणाची अंडी जास्त होती यावर गंमत चालायची. डबा आणताना पोरं वास घेत घेत हळू चालत. जिन्यात पाऊल टाकलं की तिन्ही मजल्यांना कळायचं, कुणाकडे केक आहे ते.

एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात कमल सहामाहीला वर्गात पहिली आली, म्हणून केक झाला होता. डबा आणायची पाळी तिचीच होती. पण शनिवारची संध्याकाळ, शेजारच्या वाडेकरांच्या टीव्हीवर चित्रपट लागलेला, आणि तेरा वर्षांच्या कमलला पुढची जागा सोडवेना. तिने सुचीला चिमटा काढून उठवलं. "तू जा. नाहीतर तुला तुकडा नाही."

बेकरीवाल्याने सांगितलं, मुलगी आली, डबा घेऊन गेली. बेकरीपासून चाळीपर्यंत अडीचशे पावलं. एवढ्याशा वाटेत पोरगी डब्यासकट नाहीशी झाली. पोलीस आले, अप्पांनी, म्हणजे कमलच्या वडिलांनी, गिरणीतली माणसं घेऊन सगळं परळ पालथं घातलं. पुढच्या जानेवारीत संप सुरू झाला आणि गिरणगावाला रडायला दुसरं कारण मिळालं. कमलने सगळ्यांना सांगितलं होतं, सुची हट्टाने स्वतःच गेली. तेच ती पुढे सांगत राहिली. अप्पा ते खरं मानूनच वारले.

आता ती खाली वाण्याकडे गेली, सामान घेऊन आली. बांधलेल्या खोक्यातून पातेलं काढलं, जमिनीवर बसली आणि फेसू लागली. आई खाटेवरून बघत होती.

"एकाच बाजूने गो."

"ठाऊक आहे."

"हात भरून आला?"

"नाही."

हात चांगलाच भरून आला होता. पण इतक्या वर्षांत दोघी अशा एका कामाला बसल्या नव्हत्या, आणि कमलला ते संपू नये असं वाटत होतं. पिवळं लोणी हळूहळू पांढरं झालं. मिश्रण स्टीलच्या डब्यात ओतून तिने वहीचा कागद फाडला, लिहिलं: परब, खोली २३. हे लिहिताना आपण उगाच लहान झालोय असं तिला वाटलं.

बेकरी अजून होती. मालक बदलले होते, काउंटरवर दौलतचाचा नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसत, पण भट्टी तीच, लाकडाची. त्यांनी डबा पाहिला, चिठ्ठी पाहिली, आणि हसले.

"बहुत साल बाद किसी ने डब्बा लाया. पाऊण तासाने या, ताई."

कमल थांबणारच होती. पण आई एकटी होती, म्हणून परत आली. आईने तोवर वेणी घालून घेतली होती आणि ठेवणीतलं लुगडं नेसली होती. चार महिन्यांत पहिल्यांदा ती आपल्या पायावर उभी होती.

"बस जरा," आई म्हणाली. "तू नको जाऊस आणायला."

"मग कोण जाणार?"

आईने पदर सारखा केला. ती खिडकीतून खाली बघत होती.

कमल बरोबर चाळीस मिनिटांनी निघाली. या वेळी डबा आपणच आणायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. नाक्यावर चार वाजताचं ऊन होतं. बेकरीत पावाची लादी सुटी करायचं काम चाललं होतं.

दौलतचाचांनी मान वर केली. "अरे, वो तो गया, ताई. बच्ची ले गई."

"कौन बच्ची?"

"आपके घर की. नाव पण सांगितलं, परब, तेवीस नंबर. मैंने बोला गरम है, कपडा ले. नहीं लिया."

कमलने वळून रस्त्याकडे पाहिलं. मग राग आला. चाळीतलंच कुणाचं तरी पोर असणार, असं ती स्वतःला सांगत भराभर चालू लागली. उरलेल्या चार बिऱ्हाडांत एकही लहान मूल नाही, हे तिला अर्ध्या वाटेवर आठवलं.

जिन्यात पाऊल टाकलं आणि वास आला.

पहिल्या मजल्यावर होता. दुसऱ्यावर होता. तिसऱ्यावर गॅलरीत शेजारचे जयवंतकाका खुर्ची टाकून बसले होते.

"काका, आत्ता कोण आलं होतं आमच्याकडे?"

"कोणी नाही. मी मघापासून इथंच आहे." ते थांबले. "वास मस्त येतोय पण. घरी केलास?"

दार उघडं होतं.

डबा खोक्यावर होता, अजून वाफाळत. तिचाच डबा, तिच्याच अक्षरातली चिठ्ठी. आईने तीन तुकडे कापून तीन बशांत ठेवले होते. एक बशी रिकामी होती.

"तू खाल्लास का गं?" कमलने विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

"मी अजून नाही. तुझ्यासाठी थांबलंय."

कमल खाली बसली. तिने तुकडा तोंडात घातला. चव तीच होती, आणि तिला रडू फुटलं. किती वर्षांचं होतं कोण जाणे, आवरेना.

"आई, तेव्हा माझी पाळी होती. मी पाठवलं तिला. मी खोटं सांगितलं सगळ्यांना."

"ठाऊक आहे गो." आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चिमटा काढलास ना? आत्ताच सांगितलान तिने."

चिमट्याचं कमलने कुणालाच सांगितलं नव्हतं. कधीच.

"रागावली नाही म्हणते," आई म्हणाली. "चल. आता निघूया."

आणि ती निघाली. काठी न घेता, तीन मजले, एकेक पायरी. एक हात कठड्यावर होता. दुसरा तिने शरीरापासून थोडा लांब, खाली धरला होता, बोटं मिटून. कमल मागून पुस्तक आणि डबा घेऊन उतरत होती. जे तिला चार महिने हवं होतं ते घडत होतं, आणि तिला आईला हाक मारून थांबवावंसं वाटत होतं.

टॅक्सी दारात होती. आई आत बसली, मधोमध. कमल दुसऱ्या बाजूने चढून तिच्याशेजारी बसली. आईच्या पलीकडे, डाव्या खिडकीशी, जागा रिकामी राहिली.

"आई, सरक ना पलीकडे. ऐसपैस बस."

"नको. तिका खिडकी व्हई."

ड्रायव्हरने एसी लावला. टॅक्सी नाक्यावरून वळली, बेकरी मागे गेली. आई डोळे मिटून स्वस्थ बसली होती. इतकी स्वस्थ कमलने तिला कधी पाहिली नव्हती. कमल समोर बघत राहिली. हिंदमाताच्या सिग्नलला मात्र तिच्याने राहवलं नाही, आणि तिने पलीकडे पाहिलं.

डावी काच बंद होती. काचेवर, अगदी खालच्या कडेपाशी, वाफेचं एक लहानसं वर्तुळ उमटलं होतं. ते विरत गेलं. मग पुन्हा उमटलं.