हर्षलच्या डाव्या हाताला

एस्तेरची आई दर रविवारी चर्चमध्ये काही ना काही विसरून यायची. कधी छत्री, कधी डबा, कधी गीतपुस्तक. दिवाळीनंतरच्या त्या शनिवारी पाळी चष्म्याची होती, आणि तो आणायला नेहमीप्रमाणे एस्तेरच निघाली.

शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीतलं ते छोटंसं चर्च संध्याकाळी रिकामं असेल, असं तिला वाटलं होतं. आत शिरली तर वेदीपाशी एक तरुण गुडघे टेकून, मान खाली घालून बसलेला. प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून ती दारातच थांबली... आणि तो तरुण हातातल्या वायरीला म्हणाला, "च्यायला, आज तरी ऐक की गं बाई."

एस्तेरला हसू आवरलं नाही. त्यानं दचकून मागं पाहिलं.

"तुम्ही... कधीपासून उभ्या आहात?"

"तुम्ही वायरीला बाई म्हणालात तेव्हापासून."

"पाळकसाहेबांना सांगू नका हं."

"काय सांगू नको? च्यायला, की बाई?"

"दोन्ही," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

तो हर्षल पाटोळे. एस्तेर आणि आई मनमाडहून नाशिकला राहायला येऊन तीन महिने झाले होते, पण तिनं त्याला आजवर नवव्या बाकावरूनच पाहिलं होतं. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथ मशीन चालवायचा आणि रविवारी उपासनेला इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. ती गिटार अशी काही बोलायची, की प्रवचनात डुलक्या घेणारेही गाण्याला ताठ बसायचे.

"एक मिनिट हे धरता?" म्हणत त्यानं भिंतीला टेकवलेली बेस गिटार सरळ तिच्या गळ्यात अडकवली. "मी तिकडून ऐकतो. तुम्ही सगळ्यात जाड तार छेडा."

तिनं छेडली. सूर कानाला कळायच्या आधी अनवाणी तळपायांतून वर चढला, गुडघ्यांत, मग पोटात... एस्तेर श्वास घ्यायचीच विसरली.

"स्पीकरची गुरगुर गेली," हर्षल म्हणाला. मग त्यानं तिच्या गळ्यातल्या बेसकडे बोट दाखवलं. "आमचा बेसवाला समर्थ पुण्याला नोकरीला गेल्यापासून ही मुकी पडलीय. तुम्हाला येते वाजवता?"

शाळेत हार्मोनियमवर सारेगम वाजवण्यापलीकडे एस्तेरला काही येत नव्हतं. "येते की," ती म्हणाली. वेदीसमोर उभं राहून बोललेलं तिच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं.

चष्मा न्यायचा राहूनच गेला.

बेस घरी नेऊन आठवडाभर मोबाइलवर बघून बघून तिनं तिच्यावर कुठला सूर कुठं असतो, एवढं पाठ केलं. बोटांना फोड आले. ती कामाला होती त्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना लेबलं चिकटवताना ते चुरचुरायचे. पण कुठल्या ओळीला कुठला सूर, हे कोण सांगणार? विचारावं तर खोटं उघडं पडणार. मग तिनं एक नामी युक्ती काढली. गिटारवाला डाव्या हातानं जी कॉर्ड, म्हणजे सुरांचा जो मेळ, धरतो, तिचाच मूळ सूर बेसवाल्यानं खाली धरायचा असतो. म्हणजे हर्षलच्या डाव्या हाताकडे नीट बघत राहिलं, की झालं. 'जी' कॉर्डला त्याची बोटं ऐसपैस पसरायची, 'डी'ला त्रिकोण करून बसायची, 'ई मायनर'ला दोनच बोटं शेजारी शेजारी. एस्तेर त्याच्या डाव्या हाताला उभी राहायची आणि पापणी न लवता बघायची.

बघता बघता तो हातच तिला पाठ झाला. तर्जनीवरचा जुना भाजल्याचा डाग. नखांच्या कडेला राहिलेली ग्रीसची काळी रेघ. ती जाड असली, की समजायचं, स्वारी शिफ्टवरून थेट इकडं आलीय. डिसेंबरच्या थंडीत तो प्रत्येक गाण्याआधी बोटांवर फुंकर घालायचा, आणि एस्तेरला उगाचच आपल्या शालीची आठवण व्हायची.

दोघांचं 'तुम्ही' कसंबसं नाताळपर्यंत टिकलं.

"काय बघतेस गं एवढं?" जानेवारीतल्या एका शनिवारी सरावाच्या वेळी त्यानं विचारलं.

"नखं. साबण मिळत नाही का सातपूरला?"

"मिळतो. पण मग तू बघणार काय?"

ती वळून केबल गुंडाळायला लागली. गुंडाळून झालेलीच केबल तिनं पुन्हा एकदा गुंडाळली.

एक गोष्ट मात्र मंडळीत सगळ्यांच्या लक्षात आली होती. हर्षलचं वाजवणं उतरलं होतं. पूर्वीचे ते अंगावर काटा आणणारे तुकडे बंद. शिकाऊ पोरं धरतात तशा साध्यासुध्या कॉर्ड, बस. "शिफ्टनं पोराला पिळून काढलं," लोक म्हणायचे आणि हर्षल हसून ऐकून घ्यायचा. एस्तेरलाही वाईट वाटायचं. पण साध्या कॉर्ड ओळखायला सोप्या जायच्या, म्हणून ती गप्प राहायची.

आता, बाकांवरून हे सगळं कसं दिसत होतं, तेही बघा. एक लग्नाची मुलगी अख्खी उपासना एका लग्नाच्या मुलाकडे टक लावून बघते. नवसाबाई तिसऱ्या बाकावर बसायच्या, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जरा जास्तच स्वच्छ दिसायला लागलं होतं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना सुटली आणि त्यांनी कारभारीकाकांना गाठलं. काका चर्चच्या पंच कमिटीचे प्रमुख, चाळीस वर्षं पेटी वाजवणारे, आणि बेस म्हणजे पोटात गोळा आणणारा प्रकार, अशा ठाम मताचे.

"कारभारी, लग्नात नवरी कोणत्या हाताला उभी राहते रे?"

"डाव्या. का?"

"मग ही साळव्यांची पोर दर रविवारी पाटोळ्यांच्या पोराच्या डाव्या हाताला काय करते? लग्न लागलं का हिचं? आणि बघते कशी, ते बघ."

कमिटी बसली. काकांनी एस्तेरला बोलावून सांगितलं, "ईस्टरपासून तू पलीकडं, माझ्या पेटीशेजारी उभं राहायचं. आणि पोरी, देवळात चुकतमाकत वाजवलेलं मला चालायचं नाही. ईस्टरला सूर हुकले, तर बेस कपाटात. आपली पेटी आणि तबला काय वाईट आहे?"

पलीकडं म्हणजे हर्षलच्या उजव्या बाजूला, आणि मध्ये प्रवचनाचा उंच लाकडी मंच. तिथून त्याचा हात दिसण्याचा प्रश्नच नव्हता. खरं सांगावं, तर पाच महिन्यांचं खोटं उघडं पडणार. न सांगावं, तर सगळ्यांसमोर फजिती, आणि त्यानंतर ना बेस, ना शनिवार, ना तो हात.

"मला नाही जमणार तिकडून," ती हर्षलला एवढंच म्हणाली.

"जमेल."

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे," तो म्हणाला. कसं, ते मात्र सांगितलं नाही.

ईस्टरची उपासना पहाटेची. उजाडायच्या आत चर्च भरलं. पांढऱ्या साड्या, मोगऱ्याचे गजरे, दारातून येणारा वारा, एप्रिलच्या दिवसात तेवढाच काय तो गार. एस्तेर पेटीशेजारी उभी होती आणि बेसचा पट्टा पुन्हा पुन्हा सरळ करत होती. पहिलं गाणं सुरू झालं. सवयीनं तिची मान वळली... समोर मंचाचं लाकूड. पहिली ओळ तिनं वाजवलीच नाही. कारभारीकाकांनी भाता मारता मारता तिरक्या नजरेनं पाहिलं.

तिनं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांसमोर तो हात आला, डागासकट. बोटं पसरली – जी. तिचं बोट जागेवर गेलं. त्रिकोण झाला – डी. तिथंही गेलं. आणि दुसऱ्या कडव्यात तिच्या ध्यानात आलं, की तो हात मघाच डोळ्यांपुढून गेलाय आणि आपली बोटं तरी चाललीच आहेत. तळपायांतून सूर वर चढत होता आणि तो तिचा स्वतःचा होता.

मंचापलीकडची गिटार क्षणभर थांबली. जणू कान देऊन ऐकत होती. मग सुटली. पाच महिने कुणी ऐकलं नव्हतं असं काहीतरी वर, आणखी वर, छताच्या कौलांपर्यंत चढत गेलं. नवसाबाई टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. पाळकसाहेबांनी शेवटचं कडवं तीनदा म्हणायला लावलं.

उपासनेनंतर अंगणातल्या बदामाखाली मिसळपाव आणि चहा होता. एस्तेर प्लेट तशीच ठेवून हर्षलपुढे जाऊन उभी राहिली. ती चांगलीच चिडली होती.

"एवढं येत होतं, तर पाच महिने बालवाडी कशाला वाजवलीस?"

"वरच्या, अवघड कॉर्ड धरल्या असत्या, तर तुला कळलं असतं काय धरलंय ते?"

"तुला... माहीत होतं?"

"पहिल्याच सरावाला. मी मुद्दाम चुकीची कॉर्ड धरली, तर तूही तिथंच चुकलीस. अगदी सुरात चुकलीस."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो, तर बघायची थांबली असतीस." तो हातातला चहाचा कप उगाच फिरवत राहिला. "आज तर न बघताच वाजवलंस. आता काय... आता कशाला बघशील."

लोक काय काय बोलले होते त्याला. शिफ्टनं पिळला, बोटं आखडली, पोरगा संपला. आणि गिटारवर जीव असलेल्या या माणसानं ते सगळं हसून घेतलं होतं, तिच्या एका खोट्यासाठी. एस्तेरचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिला एकदम भरून आलं.

"हर्षल... ही गाणी मला फेब्रुवारीतच पाठ झाली असणार. माझं मलाच आज कळलं."

"मग मार्चभर काय बघत होतीस?"

"नखं."

"एस्तेर –"

"तू आवडतोस मला. झालं? आता तो कप ठेव खाली, सांडेल."

तो सांडलाच. तेवढ्यात कारभारीकाका हातात पाव घेऊन आले.

"पोरी, बरं वाजवलंस. बेस राहू दे म्हणून सांगतो कमिटीला. पुढच्या रविवारीही माझ्याशेजारीच उभी राहा, पेटीला आधार होतो."

एस्तेरनं हर्षलकडे पाहिलं. तो शर्टावरचा चहा पुसत होता आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"नाही काका," ती म्हणाली. "मी हर्षलच्या डाव्या हाताला उभी राहीन."

काकांच्या मागोमाग नवसाबाई आल्याच होत्या. "अगं, त्याचा अर्थ कळतो का तुला?"

"कळतो, मावशी. म्हणूनच सांगतेय."

आजूबाजूचे चमचे थांबले. हर्षलनं कप बदामाच्या पारावर ठेवला आणि चहानं भिजलेल्या शर्टासकट तिच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पावाचा मोठा घास घेतला.

"अहो साळवेबाई," नवसाबाईंनी एस्तेरच्या आईला हाक मारली, "चष्मा लावा आणि जरा इकडं बघा."

आईनं पर्स चाचपली. चष्मा आत बाकावरच राहिला होता. तो आणायला या वेळी हर्षल गेला.