फळीची खालची बाजू

मास्तरीणबाई माझ्या दाराशी आल्या तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो, आणि काम घ्यायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. पन्नास वर्षं लोकांच्या घरातल्या लाकडी जमिनी बसवल्या, उखडल्या, घासल्या, पॉलिश केल्या. आता बस्स. शिवाय हल्लीच्या लोकांना लाकूड नकोच असतं. लाकडाचं चित्र छापलेला पुठ्ठा चिकटवतात आणि त्यावर बूट घालून मिरवतात. करा म्हणावं.

पण बाई दारातून हलेनात. म्हणाल्या, "काका, आईच्या पायात फळीचं कुसळ घुसलं. महिनाभर पू येत होता. त्यात दोनदा ठेचकाळली. भाऊ म्हणतो, आता एकदा जरी पडली तरी मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार."

"मग जाऊ दे की. मुलगा आहे, वाघ नाही."

"तिला दिसत नाही, काका. बारा वर्षं झाली. या घरात ती एकटी चालते, कुणाचा हात धरत नाही. तिकडे गेली की पलंगावर बसून राहील. आणि एकदा का बसली..." पुढचं बाईंनी गिळलं.

भाऊ रविवारी बघायला येणार होता. त्या दिवशी होता सोमवार. मी शिव्या देत हत्यारांची पेटी बाहेर काढली.

घर एकमजली, जुनं पण नीट राखलेलं. आईची खोली मागच्या अंगाला. एका भिंतीशी पलंग, समोरच्या भिंतीला मोठी खिडकी, मध्ये उघडी जमीन. फळ्या आडव्या टाकलेल्या, पाऊलभर रुंद, अस्सल जुनं लाकूड. असं लाकूड आता औषधालाही मिळत नाही. पलंगापासून खिडकीपर्यंत एक वाट पडली होती. खरंच वाट. लाकूड झिजून खोलगट झालेलं, जागोजागी खिळ्यांची डोकी वर आलेली, कडा फाटलेल्या.

म्हातारी पलंगावर बसली होती. वाळक्या शेंगेएवढी, पण पाठ ताठ.

"आजी, पाय वर घ्या," मी म्हणालो.

"आजी कुणाला म्हणतोस रे? आवाजावरून तूच सत्तरीचा दिसतोस."

"एकाहत्तर."

"मग मला ताई म्हण. आणि पाय आपटू नकोस. घरात माणसं आहेत."

माणसं म्हणजे ती आणि लेक. लेक तर शाळेत निघाली होती. म्हातारपणी जीभ अशीच सुटते म्हणून मी सोडून दिलं.

मी पटाशीची धार फळीत टोचून बघितली. फळीत जीव उरला नव्हता. पूर्वी कुणीतरी दोनदा मशीन फिरवून अर्धी जाडी खाल्ली होती. पुन्हा घासली असती तर उरलेसुरले खिळेही उघडे पडले असते. अशा वेळी आमच्या धंद्यातला जुना उपाय एकच: फळी उलटवायची. वरची बाजू झिजते, खालची तशीच कोरी असते, करवतीच्या खुणांसकट. खालची वर आणली, रंधा मारला, की जमीन नवी. पुस्तकात नसेल, पण असं करून मी निम्म्या गावाच्या जमिनी वाचवल्यात.

मंगळवारी सकाळी लेक शाळेत गेली. म्हातारीला मी पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. तिला म्हणालो, फळ्या उलट्या करतोय.

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "उलट्या कशाला? आहेत तशा राहू देत की."

"म्हणजे पुन्हा पाय सोलायला? ताई, तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो."

"माझं काम काय रे?"

"गप्प बसायचं."

ती हसली. पण दाराकडे कान लावून बसली.

मी भिंतीकडून सुरुवात केली. पहार घातली, खिळे कुरकुरत सुटले, पहिली फळी उचलून पालथी केली. खाली जशी असायला हवी तशीच: खरखरीत, करवतीच्या तिरक्या खुणा, कोळ्याची जाळी. दुसरी तशीच. जमिनीखाली वीतभर पोकळी, त्यात आडव्या तुळया, खाली माती. मातीवर धुळीचा जाड थर, मांजराचा पायसुद्धा न पडलेला.

तिसरी फळी पलंगासमोरची, जिथून वाट सुरू होते. ती पालथी केली आणि हात थांबला.

खालची बाजू झिजलेली होती.

सगळी नव्हे. दोन्ही कडांना करवतीच्या खुणा धडधडीत होत्या. मध्ये मात्र एक जागा गुळगुळीत, दगडी पायरी झिजावी तशी, आणि तिच्यावर जुन्या लाकडाला माणसाच्या हातापायाने येते ती काळसर चकाकी. मी चष्मा पुसला. मग चष्मा काढून तळहात ठेवला, कारण डोळे फसतात, हात फसत नाही. टाच. मधला उंच भाग. चवडा. बोटं.

पाऊल होतं. पुरुषाचं, अनवाणी. म्हातारीचा इवलासा पाय जिथे वरून पडत होता, नेमकं त्याच्या खाली, टाचेला टाच लावून. पाण्याकाठी उभं राहिलं की खाली आपलं रूप पायाला पाय लावून दिसतं ना, तसं. मध्ये फक्त लाकूड, बोटभर जाडीचं.

ओणवं राहून मी तुळयांमध्ये डोकं घातलं. वीतभर जागा. धूळ जशीच्या तशी. थंड मातीचा वास, आणि त्यात अगदी किंचित, नुकताच कुणी घाम पुसून गेल्यासारखा दुसरा एक वास.

एक एक करून, खडूनं आकडे घालत, वाटेवरच्या सगळ्या फळ्या काढल्या. एक सोडून एक फळीवर पाऊल. उजवं, डावं, उजवं, डावं. चौदा. मी जमिनीवर बसून राहिलो. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते वेगळंच. मी झीज वाचून खातो. झिजलेली फळी बघून सांगतो, इथे खुर्ची होती, इथे पाळणा होता, इथे बाई उभ्यानं कणीक मळायची. पण इतकी एका चालीची झीज मी कधी बघितली नव्हती. कुठे घाई नाही, कुठे पाय घसरलेला नाही. तिनं जिथे पाऊल आखडलं तिथे खालच्यानंही आखडलं होतं. जिथे ती थकून थांबत असेल तिथे खालचं पाऊल अधिक खोल होतं.

आता इथे शहाण्या माणसानं पेटी आवरली असती. पण मी पडलो हट्टी. लाकूड ते लाकूड, म्हणालो. रविवार जवळ आलाय, म्हणालो. आणि सगळ्या फळ्या उलट्या बसवल्या.

मशीन फिरवायच्या आधी माझी एक रीत आहे. फळ्या बसल्या की घरातल्या माणसाला अनवाणी चालवायचं. कुठली फळी हलते, कुठला खिळा बोचतो, हे पायाला बरोबर कळतं. बुधवारी दुपारी लेक शाळेतून आली, तेव्हा मी म्हणालो, "आणा ताईंना."

लख्ख ऊन खिडकीतून आत पडलं होतं. जमिनीवर भुशाची बारीक धूळ पसरलेली. म्हातारी पलंगापासून निघाली. लेक दाराशी, मी भिंतीला टेकून.

पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्याला ती अडखळली.

"काय झालं आई?"

"काही नाही. पायाखाली... कुणी नाही."

मी बघितलं, आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. फळी लांबीवर पालथी केली की पुढची कड मागे जाते. खाली असताना ती पावलं तिच्याबरोबर खिडकीकडे जात होती. मी ती वर आणली, आणि आता चौदाच्या चौदा पावलं खिडकीकडून तिच्याकडे तोंड करून होती.

"हा असा समोरून का येतोय?" म्हातारी हळूच म्हणाली.

"कोण, आई?"

खिडकीजवळच्या पावलाच्या खोलगट जागेत भुसा साचला होता. तो दबला. फस्स... असा आवाज आला, पिठात तळहात दाबावा तसा. मग अलीकडच्या फळीवरचा. मग त्याच्या अलीकडचा. खोलीत ऊन होतं, खिडकी बंद होती, वाऱ्याची झुळूक नव्हती. भुसा दबत दबत येत होता. फस्स... फस्स... घाई नाही. तीच चाल.

 मी पाठ भिंतीला घट्ट लावली.

अरुंद बोळात समोरून कुणी आलं की आपण अंग चोरतो, तशी म्हातारी बाजूला झाली. हात पुढे केले. पाय खिळ्यावर पडला, तोल गेला.

"थांब रे..." ती म्हणाली. मला नव्हे. लेकीलाही नव्हे.

भुसा दबायचा थांबला. तिच्यापासून एका फळीवर.

मी झेप घेऊन तिला धरलं. गुडघे कसे चालले देव जाणे. उचलून पलंगावर ठेवली. 

"मिस्त्री," ती कानाशी म्हणाली, "जसं होतं तसं ठेव. त्याला वर राहायची सवय नाही."

लेक दाराशी गोठून उभी होती. तिनं भुशातली पावलं बघितली होती, पण दबलेल्या भुशात आकार तो काय कळणार. जराशानं तिचे डोळे भरले. "बाबा आहेत," ती म्हणाली. "काका, बाबा आहेत ते. नऊ वर्षं झाली जाऊन, तरी आईला..." आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

मी वाकलो. पहार उचलली.

त्या संध्याकाळी आणि सगळा गुरुवार मी फळ्या पुन्हा सुलट्या केल्या. एकेक जागच्या जागी, खडूच्या आकड्याप्रमाणे. आणि ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. जुन्या पातळ फळीवर खिळा ठोकला की ती उसळते. दर घावाला उसळते, म्हणून गडी गुडघा दाबून बसतो. त्या चौदा फळ्या उसळल्या नाहीत. घाव घालावा आणि खालून कुणीतरी दोन्ही पायांनी रेटून धरावी, तशा बसल्या. एका घावात खिळा आत. पन्नास वर्षांत इतका चांगला जोडीदार मला मिळाला नव्हता. तिसऱ्या खिळ्यानंतर मी चपला बाहेर काढून आलो. का ते मला विचारू नका.

वाटेवर मशीन फिरवलं नाही. हातानं घासलं, बारीक कागदानं, गुडघ्यांवर रांगत. कुसळं काढली, फाटक्या कडा गोल केल्या, खिळ्यांची डोकी ठोकून आत घातली. खोलगट जागा तशीच ठेवली. शुक्रवारी सकाळी पॉलिशचे हात दिले, खिडकीकडून मागे सरकत दारापर्यंत. वरवर बघून कुणी म्हटलं असतं, म्हाताऱ्यानं काम अर्धवट सोडलं. म्हणोत.

रविवारी भाऊ आला. मोठा माणूस, हातात किल्ल्या खुळखुळवत सल्ले देणारा, उंटावरून शेळ्या हाकणारा. "चाल बघू आई," म्हणाला. हत्यारं न्यायला मीही आलो होतो, दाराशी उभा राहिलो.

म्हातारी उठली. काठी घेतली नाही. चौदा पावलं खिडकीपर्यंत, चौदा परत. अहाहा, काय चालली! जशी तिला कुणी खालून झेलत होतं. भावाच्या किल्ल्यांचा आवाज थांबला.  चहा अर्धा ठेवून तो उठला. "राहू दे तिला इथेच," म्हणाला आणि फाटकाकडे गेला.

लेक माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू.

"काका, तुम्ही फळ्या खालून बघितल्यात. बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा यंत्रात गेला होता, मी शाळेत शिकत होते तेव्हा. सांगा ना. डाव्या पावलाला अंगठा नव्हता ना?"

फाटकाची कडी अजून वाजली नव्हती. भाऊ हाकेच्या अंतरावर होता.

सात डावी पावलं मी तळहातानं चाचपली होती. सातही पावलांना अंगठा होता. सगळ्यात खोल तोच होता.

"नव्हता," मी म्हणालो.

बाई रडल्या. बऱ्याच दिवसांचं साठलेलं असणार. तोंड धुवायला आत गेल्या. फाटक वाजलं, गाडी गेली.

"मिस्त्री," खिडकीशी उभ्या म्हातारीनं हाक मारली. मी गेलो. तिनं माझा हात चाचपडत धरला.

"खोटं बोललास. बरं केलंस."

मी हात सोडवला नाही.

"अरे, ह्यांनी जन्मात कधी माझ्यासाठी पाऊल आवरलं नाही. चाळीस वर्षं संसार केला, रस्त्यानं जायचं तर हे आपले चार घरं पुढे." ती हसली, तोंडावर हात ठेवून, नव्या नवरीसारखी. "हा बघ कसा थांबतो."

आणि माझा हात सोडून ती पलंगाकडे निघाली. एक पाऊल. थांबली. दुसरं.

कोण, ते मी विचारलं नाही. पेटी उचलली, चपला हातात घेतल्या आणि फाटकापर्यंत अनवाणी गेलो. हळूहळू, तिच्या चालीनं. भरभर चालून कुणाला मागे टाकायची माझी छाती झाली नाही.