काठावरची विहीर

सकाळी सहाला पुलाचा मधला खांब खचला. दुधाचा टेम्पो नदीत गेला. चालक वाचला नाही.

महिना झाला. पुलाचा अभियंता कोठडीत होता आणि त्याच्यावरचं आरोपपत्र आज संध्याकाळी कोर्टात जायचं होतं. त्याआधी तपास अधिकारी बाईंना नदीपात्राचा पुरावा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. त्या नकाशा कार्यालयात पोहोचल्या तेव्हा बाहेर नदी चढत होती.

"विमानातून घेतलेल्या जुन्या चित्रांशी यंदाची ताडून पाहिली," नदीतज्ज्ञ म्हणाले. कार्यालयात त्यांना सगळे भिंगसर म्हणत. "पात्र तीन मीटर भरलंय. वाळूउपशाने खांब उघडा पडला, हे थोतांड. पायाच कच्चा."

त्यांच्या अहवालातही तेच होतं: काठ जागेवर, काठावरची टाकी बारा मीटर उंच, पात्र तीन मीटर वर.

टेबलावर यंदाच्या उन्हाळ्यातली दोन चित्रं शेजारी-शेजारी मांडलेली होती, वर जोडभिंग. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की सपाट कागदावरची जमीन उठून दिसते. बाई वाकल्या. कोरड्या पात्रात लांबट उंचवटा होता. काठावर गोल, खोल विहीर.

"पटलं?"

"दिसलं. तुमचे मेहुणे काय म्हणतात?"

"कोण मेहुणे?"

"वाळूवाले."

"नात्यागोत्याने नदी भरत नाही, बाई."

चित्रं सांभाळणारे काका दारात उभे होते. बाईंनी सहज विचारलं, "काका, त्या विहिरीला कठडा आहे का हो?"

"कुठली विहीर? त्या काठाला पाण्याची टाकी आहे. माझी सायकल तिच्याच सावलीत असते."

बाईंनी अहवालाकडे पाहिलं. मग डावं चित्र उजवीकडे आणि उजवं डावीकडे ठेवून पुन्हा वाकल्या.

विहीर वर आली आणि टाकी झाली. उंचवटा खाली गेला आणि खड्डा झाला.

"अदलाबदल झाली की उंच ते खोल दिसतं," त्या म्हणाल्या. "खरं ना, सर?"

"चूक झाली असेल. चित्रं काकांनी मांडली."

"मी?" काका उसळले. "त्या भिंगात डोकावलं तरी मला गरगरतं!"

"चूक असती तर अहवालात टाकीचीही विहीर झाली असती," बाई म्हणाल्या. "टाकी तुम्ही बरोबर मोजलीत. म्हणजे मोजताना चित्रं सरळ होती. फक्त पात्राचा आकडा उलटा लिहिलात आणि मी येणार म्हणून चित्रं फिरवलीत. पात्र तीन मीटर खोल गेलंय. खांब उघडा पडला तो त्यामुळेच."

भिंगसर खुर्चीत बसले. "बहिणीचा संसार आहे त्या वाळूवर."

"आणि टेम्पोवाल्याचा?"

बाईंनी फोन करून आरोपपत्र थांबवलं आणि पुन्हा भिंगाला डोळे लावले. खड्ड्याचं एक टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला लांबलेलं होतं.

"सर, हा खड्डा पुरात सरकतो?"

"सरकतो."

"कुठे?"

भिंगसरांनी चित्राच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. "वर. रेल्वेपुलाकडे."

त्या पुलावरून जाणारी संध्याकाळची गाडी थांबवण्याचा निरोप स्टेशनला पाच वाजता गेला. पोच अजून आलेली नाही.