खोट्या पत्त्यावरून आलेलं उत्तर

दोन्ही हातांत खोकी घेऊन ती ऑफिसच्या काचेच्या दारापाशी अडखळली. तेवढ्यात मागून कुणीतरी हात लांब करून कार्ड टेकवलं आणि उघडलेलं दार पायाने अडवून धरलं.

"या, या... द्या एक इकडे, जड असेल."

खोकं हातात घेताच त्याच्या भुवया वर गेल्या. "यात तर काहीच नाही."

"नाहीच आहे," ती आत पाऊल टाकत म्हणाली. "मला फक्त आत यायचं होतं."

तिचा धंदाच तो. नवी वेबसाइट लोकांसाठी खुली करण्याआधी कंपन्या तिला बोलावत, आमच्याकडे चोरी करून दाखवा म्हणून. त्याच सकाळी साहेबांनी सगळ्यांना तिची ओळख करून दिली, तेव्हा पहिली फट म्हणून तिने दारातल्या सौजन्याचाच उल्लेख केला. नाव घेतलं नाही, पण कुणाचे कान लाल झालेत ते सगळ्यांनाच दिसत होतं. तेव्हापासून ऑफिसात तो झाला द्वारपाल आणि ती चोरबाई.

वेबसाइट बांधली होती द्वारपालाने. पाळणाघरांसाठी. आईबापांनी कामाच्या जागी बसून लेकराचा फोटो बघायचा, दूध प्यायलं का, झोपलं का ते वाचायचं, आणि संध्याकाळी न्यायला कोण येणार तेही तिथेच कळवायचं. तिने वेबसाइटच्या पत्त्यातला शेवटचा आकडा नुसता बदलला, आणि दुसऱ्याच कुणाचं तरी मूल पडद्यावर आलं. गुलाबी टोपडं, मुठी आवळून झोपलेलं. खाली न्यायला येणाऱ्या मावशीचं नाव.

तो खुर्चीत थिजलाच. त्याच्या ताईची मुलगी अशाच एका पाळणाघरात होती.

"मुख्य दारात ओळख विचारता, ते ठीक," ती हळूच म्हणाली. "पण आत आल्यावर प्रत्येक खोलीनेही विचारायला हवं ना, बाई गं, ही खोली तुझी का?"

त्या दिवशी तो जेवायला उठला नाही. ती फटी दाखवत गेली, तो बुजवत गेला. दोघांच्या मध्ये एकच पडदा आणि वाटून घेतलेली बिस्किटं... आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंसुद्धा नाही.

एकदा पालकांच्या अभिप्रायाच्या चौकटीत तिने मजकुराऐवजी चार ओळींचा कोड लिहून ठेवला. त्याने अभिप्राय उघडले मात्र, टपकन एक खिडकी वर आली: 'चहा झाला का?' तो मोठ्याने हसला आणि ती चौकट लगेच दुरुस्त केली. पण उत्तरही दिलं, त्याच्या पद्धतीने. पानाच्या आतल्या कोडमध्ये, जिथे वाचणाऱ्यांना काहीच दिसत नाही पण ती मात्र रोज नजर फिरवणारच, तिथे एक ओळ: 'झाला, पण एकट्याने.'

मग रोजच एक ओळ असायची. कधी तिच्या निळ्या ओढणीबद्दल, कधी तिच्या शिंकेबद्दल. ती वाचायची आणि पडद्याआड ओठ दाबून बसायची. आणि एके सकाळी... 'काम संपलं की तू जाशील. मग मी तुला भेटायला येऊ का? नुसतं भेटायला नाही. कायमचं विचारतोय.'

होकार जिभेवरच होता. पण संशय घेणं ही तिची भाकरी. गोड बोलण्यामागे काय दडलंय हे शोधायची सवय इतकी हाडीमाशी भिनलेली, की स्वतःच्या सुखालाही तिने आधी उलटसुलट करून पाहिलं. "सांगते," एवढंच ती म्हणाली. तो म्हणाला, सावकाश सांग, मी कुठे पळून जातोय.

शेवटची चाचणी माणसांची होती. सगळ्या ऑफिसला रजेच्या नव्या नियमांचा खोटा मेल गेला. निम्मे लोक फसले. द्वारपालाने मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला आणि तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, साइटच्या सगळ्या चाव्या याच्याकडे आहेत, याला नीट पारखा. हा कशाला भुलेल ते तुम्हीच ठरवा.

ते तिला ठाऊक होतं. जगात फक्त तिलाच ठाऊक होतं.

तिने स्वतःच्याच पत्त्यासारखा दिसणारा खोटा पत्ता तयार केला आणि लिहिलं, 'तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.' खाली दुवा. दुव्यामागे ऑफिसच्या लॉगिनसारखं हुबेहूब पान. वाटलं होतं, तो ओळखेल. हसेल. ओळखावं अशी आशाही होती...

त्याने पत्ता पाहिलाच नाही. पासवर्ड टाकला. तिच्या पडद्यावर त्याचं नाव लाल झालं, आणि एक क्षण, फक्त एकच क्षण, तिला आनंद झाला. सापडला, असा. त्या क्षणाची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

अहवालाच्या वेळी नाव झाकलेलं होतं, पण मेल भिंतीवर भलामोठा दिसत होता. कुणीतरी हसत विचारलं, कुठला प्रश्न रे बाबा?

"होता एक," तो शांतपणे म्हणाला.

मग कुणी हसलं नाही. साइटच्या चाव्या दुसऱ्याकडे गेल्या.

संध्याकाळी जिन्यात तिने त्याला गाठलं. ती खूप बोलली. साहेबांचं सांगणं, कामाची रीत, जबाबदारी... स्वतःलाच पटेना तेव्हा थांबली.

"उत्तर 'हो' होतं," ती म्हणाली. "आहे. खरंच."

तो कठड्याला टेकून उभा होता. चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"चाचणी बरोबरच होती तुझी," तो म्हणाला. "त्या चाव्यांमागे पोरं आहेत लोकांची. मी चुकलो, ते कळलंच पाहिजे होतं. पण दुसरं काहीही वापरलं असतंस गं... ताईच्या नावाने मेल केला असतास, तरी फसलो असतो."

"मला माफ कर."

"केलं. पण एक सांगू? आत्ता तू 'हो' म्हणालीस ना, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? यामागे काय असेल. तू म्हणालीस आणि मी तपासायला लागलो." तो कठड्यापासून बाजूला झाला. "ऑफिसात तपासेन मी जन्मभर. घरी नाही जमायचं मला."

तिने काही बोलायला तोंड उघडलं. पण आता जे बोलेल ते त्याला आमिषच वाटणार, हे तिच्याइतकं नीट कुणाला कळणार होतं? तो एकेक पायरी उतरत गेला. तिने हाक मारली नाही.