दोरीच्या आतला हात

मंगळावरचं हे घर काही टिकायचं नाही, हे राजरत्नने पहिल्याच नजरेत ओळखलं. विश्रामबागच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, त्यासाठी त्याच्या मुलीने, दीपमालाने, ते पुठ्ठ्याचं केलं होतं. चारी बाजूंनी खिडक्या, वर गच्ची, आणि गच्चीवर चक्क कपडे वाळत घातलेले.

“अगं, तिथं आभाळातनं सारखे किरण कोसळत असत्यात. वर दोन पुरुष उंच माती टाकल्याबिगर माणूस जगायचा न्हाई,” तो वैतागला. “मंगळावर ऱ्हाणं म्हंजे जन्मभर माझ्या दोरीच्या आत ऱ्हाणं!”

ती दोरी घरात सगळ्यांना ठाऊक होती. राजरत्न कुपवाडच्या कारखान्यांमधून ओतकामाचे फोटो काढायचा. डॉक्टर छातीचा काढतात तसाच, लोखंडाला आतून चीर आहे का ते बघायला. त्याच्या जड डब्यात किरणांची एक गोळी असे. लांब उभं राहून मूठ फिरवली की ती तारेने नळीतून बाहेर जाई, उलटी फिरवली की परत डब्यात येई. गोळी बाहेर असेपर्यंत भोवती पिवळी दोरी, आणि दोरीच्या आत चिटपाखरूही नको. पण ऐकतो कोण? कुणी विसरलेला जेवणाचा डबा आणायला वाकून आत शिरे, तर कुणी “दिसत तर काय न्हाई की” म्हणून त्यालाच शहाणपण शिकवी. सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता.

म्हणून तो सुट्टीच्या दिवशीच काम धरायचा. त्या दुपारीही शेडमध्ये तो एकटा होता आणि फाटकावर म्हातारा राखणदार धुळा. संध्याकाळी माल न्यायला गाडी यायची होती. पहिली फिल्म धुतली आणि राजरत्नचं डोकंच फिरलं. लोखंडी व्हॉल्व्हच्या चित्रावर माणसाचा पंजा उमटला होता. हाडन्‌हाड स्पष्ट, मधलं बोट अर्धं तुटलेलं.

“धुळाआबा! कुणाला सोडलंसा आत?”

“कुणालाच न्हाई, सायेब. फाटकाला कुलूप हाय.”

दुसरी फिल्म काढली. पुन्हा तोच पंजा, त्याच जागी. तेव्हा कुठं राजरत्नच्या ध्यानात आलं, की एका फोटोला पाव तास लागतो. जित्या माणसाचा हात एवढा वेळ स्थिर राहत नाही. आणि लोखंडापार जाणाऱ्या किरणांपुढं हाडांची काय बिशाद? ती उमटतच नाहीत.

धुळाने फिल्म उजेडात धरली आणि अर्ध्या बोटावर नख टेकवलं.

“ह्यो आकाराम... हितला जुना कामगार. बोट बघा की. माल भायेर निघायच्या आदी त्यावर पंजा ठिवून कपाळाला लावायचा. आदीचा फोटोवाला वरडायचा, तरी दोरीत शिरायचा. नमस्कार चुकवायचा कसा, म्हणायचा... रक्ताचं कायतरी झालं. गेल्या दिवाळीत गेला.”

राजरत्न भुताखेतांना थारा नसलेल्या घरात वाढला होता. त्याला भीतीपेक्षा संतापच आला. जिवंत माणसं दोरी पाळत नाहीत ते नाहीतच, आता मेलेल्यांनाही समजावायचं? धुळाला फाटकावर धाडून तिसऱ्यांदा मूठ फिरवताना तो रिकाम्या शेडकडे बघून ओरडला, “आकारामदादा, हात काढा! माझ्या पोटावर पाय देऊ नका!”

पाव तास सरला. भट्टी बंद असूनही साच्यातल्या जळक्या वाळूचा वास दाटून आला होता, आणि उन्हाने तडतडणारे छपराचे पत्रे थांबले होते. राजरत्नने मूठ उलटी फिरवली आणि त्याच तावात दोरी ओलांडून तो तरातरा निघाला. किरण मोजायचं मीटर हातात होतं, काटा शून्यावर होता. मीटरमधले सेल उतरले असतील, हे त्याच्या मनातही आलं नाही.

मधेच छातीवर काहीतरी टेकलं. गार... पंजाएवढं. समोर कुणीच नव्हतं, पण पाऊल पुढं पडेना.

“धुळाआबा... तुमी... कुठं हायसा?”

“फाटकावर...” आवाज लांबून आला.

गार पंजा रेटत गेला, तसा तो मागं सरकत गेला. दोरीबाहेर येऊन त्याने मीटरचे सेल बदलले. काटा उसळून टोकावर आदळला. गोळी परत आलीच नव्हती. ती व्हॉल्व्हजवळच्या नळीच्या तोंडाशीच अडकली होती, आणि तिथंच वाकून तो फिल्म काढणार होता.

जाणकार माणसं बोलावून गोळी काढली. राजरत्नच्या खिशावर कायम एक बिल्ला असे. आतली चिमुकली फिल्म जितकी काळी, तितके किरण अंगाला लागलेले. तो बिल्ला तपासायला मुंबईला गेला, आणि मागोमाग त्यालाही बोलावणं आलं.

“बिल्ल्यावर हात कशाला धरला होता?” तिथले अधिकारी त्रासून म्हणाले. त्यांनी फिल्म त्याच्यापुढं सरकवली. दोन बोटं पांढरी, त्यांच्यामधे एक अर्धं. तेवढाच आडोसा झाला होता. बाकी फिल्म काळीकुट्ट होती.

“रक्त तपासत राहावं लागेल,” ते म्हणाले.

तो घरी आला तेव्हा दीपमाला पुठ्ठ्याच्या घरावर ओली माती थापत होती. खिडक्या बुजल्या होत्या, गच्ची दिसेनाशी झाली होती.

“बाबा, आता पुरंल का हो एवढी?”

राजरत्नने मूठभर माती घेऊन वर आणखी एक थर थापला. छातीवर अजून तसंच गार लागत होतं. आकारामने हात काढला नव्हता.